चाळण

चौदावी रांग, खांबाआडची स्वस्त जागा.
बाहेर पानेवेझिस उणे अकरावर गोठलेलं,
आत ओल्या कोटांचा वास, सूर्यफुलाच्या बियांची टरफलं.
जानेवारीत मला काढलं. हा फेब्रुवारीचा तिसरा शनिवार.
खिडकीतल्या बाईनं मला ओळखलं,
पण सुटे पैसे मोजताना काही बोलली नाही.
तिचे उपकार.

तिसऱ्या क्वार्टरात, सात गुणांनी मागे असताना,
ताउतविदासनं मूठ कपाळाला लावली.

ती माझी खूण.
सात वर्षं माझ्या हाताखाली बाटल्या भरल्या,
रात्र रात्र चित्रफिती कापल्या, तो पोरगा
माझ्या जागी उभा राहून माझी खूण करतो.
राग आला?
आला. आपल्या घराच्या किल्ल्या
परक्याच्या कमरेला वाजाव्यात, तसा.

चालीचं नाव चाळण.
आई काळ्या पावासाठी पीठ चाळायची.
म्हणायची, हात हलवायचा तो कोंड्याला नादी लावायला,
पीठ काय, आपलं आपण पडतं.
क्लाइपेडाहून हरून येताना, बसमध्ये,
कागदी रुमालावर मी पाच गोल काढले होते:
आर्नोल्दास चेंडू घेऊन वर,
डेरिक आणि रोकास, दोन भिंती,
त्या भिंतींना खांदा घासत बाहेर पडणारा युल्युस,
ज्याच्यामागे साऱ्या स्टेडियमचे डोळे धावणार.
आणि केस्तास,
उजव्या कोपऱ्यात.
त्याच्या गोलातून बाण निघत नव्हता.

एकदा सरावात त्यानं विचारलं होतं,
सगळे तिकडे बघत असताना मी आत धावलो तर?
माझ्या दातांत मार्करचं टोपण होतं.
तू हललास की तुझा माणूस आत येतो,
जागा बुजते. उभं राहणं हेच तुझं काम.
त्यानं मान हलवली.
तीन मोसम उभा राहिला. मोबदला घेऊन, इमानानं,
बसथांब्यावरच्या माणसासारखा,
ज्याला पक्कं ठाऊक आहे की बस या रस्त्यानं येत नाही.

आता आर्नोल्दास वर.
भिंती लागल्या. युल्युस सुटला. डोळे वळले.
केस्तासचा राखणदारही वळला, अर्धी मान,
अर्धी मान पुरते.
केस्तास बेसलाइनवरून, पाठींमागून,
मांजर ओट्यावर चढावी तसा आवाज न करता,
आणि आर्नोल्दासचा पास आधीच हवेत,
म्हणजे हे ठरलेलं होतं,
म्हणजे कुणीतरी त्या गोलातून बाण काढला होता.
बोर्ड, जाळी, दोन गुण.

शेजारचा म्हातारा माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाला,
बघितलंत? डोकं लागतं याला!
मी म्हणालो, हो.

पुढच्या वेळी समोरच्यांनी केस्तासला सोडलं नाही.
मग युल्युस मोकळा सापडला, आणि त्याचा नेम चुकला.
त्यानंतरच्या वेळी आर्नोल्दासच्या पायाला चेंडू लागून बाहेर.
शेवटी चार गुणांनी हरलेच.
ताउतविदास टाय सैल करत बोगद्यात शिरला.
या चेहऱ्यानं घरी गेलं की
बायको काही न विचारता सूप गरम करते,
हे त्याला अजून शिकायचंय.

गाडीत बसलो. काचेवर आतून बर्फ.
तिकिटाच्या मागे पाच गोल काढले,
भिंती, पास, युल्युसची वळणदार रेघ.
कोपऱ्यातल्या गोलापाशी पेन थांबलं,
हात तिथे तीन वर्षं थांबतच आलाय.
हीटर सुरू व्हायला वेळ लागला.
बोटं जरा सैल झाल्यावर
एक बाण काढला, बेसलाइनला धरून.
थोडा वाकडा आला.
केस्तासही तसाच धावला होता, खरं तर,
उजवा गुडघा किंचित राखून.
तो गुडघा दुखतो
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
किंवा सांगितलं असेल.